वापसीचं तिकीट

पोर्ट ऑफ स्पेनला जाऊन आलो असं भंडाऱ्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. "म्हणजे स्पेनला?" मग सांगावं लागतं की नाही बुवा, स्पेनशी आता त्याचा फक्त नावापुरता संबंध. हे त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशाच्या राजधानीचं शहर. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाला, व्हेनेझुएलाला जवळजवळ चिकटून. तरीही चेहरा कोराच राहिला तर शेवटचं अस्त्र काढायचं: "लाराचं गाव." मग मात्र पानटपरीवरच्या पोरापासून निवृत्त मास्तरांपर्यंत सगळ्यांना एकदम भूगोल कळतो.

जाण्याचं निमित्त घरगुती होतं. माझा धाकटा भाऊ गेली काही वर्षं तिथल्या पॉइंट लिसास नावाच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. मागच्या मे महिन्यात तीन आठवडे त्याच्याकडे काढले. मुंबई, मग लंडन, मग पुन्हा नऊ-दहा तास खाली नुसता अटलांटिक. भंडाऱ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना तिथे बत्तीस डिग्रीत लोक "काय उकडतंय" म्हणत होते, तेव्हा मी गालात हसून घेतलं.

विमानतळावरच्या खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट चाळला आणि विचारलं, परतीचं तिकीट आहे ना? तसं हे कुठल्याही देशात विचारतात. पर्यटक म्हणजे तरी काय, ज्याच्या खिशात जातानाच यायचं तिकीट असतं तो. आमच्या विदर्भात 'परत' असं कुणी म्हणत नाही, 'वापस' म्हणतात. तर हे वापसीचं तिकीट पुढचे तीन आठवडे माझ्या डोक्यात वेगवेगळ्या रूपांत येत राहिलं. कारण या शहराचा इतिहास वाचायला लागलं की जवळजवळ प्रत्येक पानावर हाच प्रश्न भेटतो: कोण आलं, आणि त्याच्याकडे वापसीचं तिकीट होतं का?

आधी शहर थोडक्यात सांगतो, म्हणजे फोटो मागणाऱ्या मंडळींचं समाधान होईल.

स्पॅनिश लोकांची जुनी राजधानी थोडी आत, सान होसे इथे होती. १७५७ मध्ये गव्हर्नर समुद्रकाठच्या या छोट्या वस्तीत राहायला आला आणि राजधानी इकडे सरकली. १७८३ नंतर स्पेनच्या राजाने जमिनीचं आमिष दाखवून कॅथलिक मळेवाल्यांना बोलावलं, तेव्हा आसपासच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसकट येऊन वसले. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. त्यामुळे गावांची नावं कुठे स्पॅनिश, कुठे फ्रेंच, कुठे इंग्रजी. शहराच्या मध्यावर 'रेड हाऊस' ही लाल रंगाची संसदेची इमारत आहे. १९०३ मध्ये पाण्याच्या नियमांवरून लोक भडकले आणि त्यांनी आधीची इमारत जाळली, म्हणून ही नंतर बांधलेली. पाण्यासाठी सचिवालय जाळणारं गाव! आमच्याकडच्या पाणीपुरवठा खात्याने नोंद घ्यावी. :)

थोडं वर गेलं की क्वीन्स पार्क सव्हाना. तब्बल अडीचशे एकरांहून मोठं मोकळं मैदान, आणि त्याच्या एका कडेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सात भव्य वास्तू ओळीने उभ्या. त्यांना 'मॅग्निफिसंट सेव्हन' म्हणतात. संध्याकाळी अर्धं शहर इथे फिरायला येतं. मे महिन्यात पिवळ्या फुलांनी भरलेली पोईची झाडं आणि गाड्यांवर शहाळी. सकाळी 'डबल्स' खायचे. मैद्याच्या दोन मऊ पुऱ्या, मध्ये छोले, वर चिंचेचं पाणी आणि मिरचीचा ठेचा. पुरीला ते 'बारा' म्हणतात. मिरची किती घालू असं विचारल्यावर "स्लाइट" म्हणायचं असतं. मी वैदर्भीय बाण्याने "भरपूर" म्हणालो. तिथली मिरची आपल्या भिवापुरी मिरचीची मावशी निघाली. असो.

पण खरं सांगायचं तर मला यातलं काहीच पाहायचं नव्हतं. मला पाहायचं होतं क्वीन्स पार्क ओव्हल.

आमच्या पिढीतल्या मराठी घरांत पोर्ट ऑफ स्पेन हे शहराचं नाव नव्हतंच, ते एका गोष्टीचं नाव होतं. फेब्रुवारी १९७१ मध्ये अजित वाडेकरचा संघ वेस्ट इंडिजला गेला तेव्हा भारताने त्यांना एकदाही हरवलेलं नव्हतं. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत ५ बाद ७५ वरून मडगावच्या दिलीप सरदेसाईने २१२ काढल्या. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर त्याच्या साथीला. पावसात पहिला दिवस वाया गेला होता, त्यामुळे फॉलोऑनला दीडशेची आघाडी पुरत होती. वाडेकरने सोबर्सला जाऊन सांगितलं की तुम्ही पुन्हा खेळा. आणि मग ६ मार्चपासून पोर्ट ऑफ स्पेन. पहिल्याच चेंडूवर आबिद अलीने फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. सरदेसाईचं शतक, दुराणीने लॉइड आणि सोबर्सला पाठोपाठ काढणं, वेंकटराघवनचे पाच बळी. आणि बोट दुखावल्यामुळे पहिली कसोटी हुकलेला एकवीस वर्षांचा सुनील गावसकर: पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७. भारत सात गडी राखून जिंकला. याच मैदानावरच्या शेवटच्या कसोटीत दाढदुखी सोसत त्याने १२४ आणि २२० केल्या. चार कसोटींत ७७४. ते पाहून लॉर्ड रिलेटर नावाच्या तिथल्या गायकाने गावसकरवर कॅलिप्सो रचला, तो आजही लोकांना पाठ आहे.

आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक. खेळ संपायचा तेव्हा भंडाऱ्यात पहाटेचे तीन वाजलेले. बाबा सांगायचे की नागपूरहून सकाळच्या एस्टीने येणारा पेपर त्याआधीच छापून झालेला असायचा, त्यामुळे त्यात अर्ध्याच दिवसाचा स्कोअर. उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायचं. गांधी चौकातल्या एका दुकानासमोर त्या महिन्यात पेपरसाठी गर्दी व्हायची म्हणे.

ओव्हलवर गेलो तेव्हा सामना नव्हता. मैदान एका खासगी क्लबच्या मालकीचं आहे. गेटवरच्या माणसाला "इंडिया, गावसकर" एवढं सांगितल्यावर त्याने हसून आत सोडलं. मागे उत्तरेकडचे हिरवे डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी हे मैदान. १९७१ चा विजय इथला, १९७६ मध्ये ४०३ धावांचा पाठलाग केला तो इथलाच, आणि त्यानंतर तब्बल सव्वीस वर्षांनी, एप्रिल २००२ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये पुन्हा कसोटी जिंकलो तीही इथेच. त्या सामन्यात सचिनने ११७ करून ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली होती. मी रिकाम्या स्टँडमध्ये बसून राहिलो. भाऊ म्हणाला, "तुला माहितीये का, ७१ ला इथे भारताच्या बाजूने ओरडणारेही बरेच होते."

हे वाचलेलं होतं, पण तिथे बसून ऐकल्यावर वेगळं वाटलं. सात समुद्रांपलीकडे, परक्यांच्या मैदानावर, आपल्या बाजूने ओरडणारी ही माणसं कोण होती? बाबांच्या गोष्टीत ती कधीच नव्हती. त्यांच्या गोष्टीत फक्त जाऊन वापस आलेले अकरा जण होते.

तर आता त्यांची गोष्ट.

१८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये प्रत्यक्षात. ऊसमळ्यांवरचे आफ्रिकन लोक मळे सोडून निघाले. मळेवाल्यांना स्वस्त आणि बांधून ठेवता येतील असे हात हवे होते. ३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात लागलं. तिथपासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय या बेटावर आणले गेले. पाच वर्षांचा करार, म्हणजे ॲग्रीमेंट. त्याचं लोकांनी केलं 'गिरमिट'. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, काही मद्रासकडचे, आणि भरतीच्या दलालांचे हात आमच्या जुन्या मध्य प्रांतापर्यंतही पोचले होते. (मराठी गिरमिटिये प्रामुख्याने मुंबईहून मॉरिशसला गेले, ती वेगळी गोष्ट.)

शहराच्या समोर समुद्रात नेल्सन आयलंड नावाचा एक खडक आहे. १८६६ पासून जहाजं आधी इथे थांबत. माणसं उतरवून, तपासून, आजाऱ्यांना वेगळं काढून मग मळ्यांना वाटली जात. तिथल्या नॅशनल ट्रस्टतर्फे बोटीने सहल निघते. आम्ही गेलो. चालत पाच-दहा मिनिटांत संपणारं बेट. काही पडक्या भिंती, जुन्या बराकी, आणि समोर शहर स्पष्ट दिसतं. तीन महिने जहाजात काढलेल्या माणसाला समोर दिसणारं ते शहर बघायला मिळायचं नाही, मळ्यावरच जायचं. मी मात्र तिथे उभा राहून त्याच शहराचे फोटो काढत होतो. थोडं विचित्र वाटलं खरं.

आता त्या तिकिटाकडे येतो. गिरमिटाच्या कागदावर वापसीचं तिकीट होतं! पाच वर्षं करारावर राबायचं, बेटावर एकूण दहा वर्षं काढायची, मग सरकार फुकट भारतात पोचवेल, असं वचन होतं. पण मळेवाल्यांना माणसं जायला नको होती. १८६९ पासून काही वर्षं त्यांनी असा सौदा ठेवला: तिकिटाचा हक्क सोडा आणि दहा एकर सरकारी जमीन घ्या. विचार करा, गावाकडे वीतभर जमीन नसलेला माणूस. एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात दहा एकर. पुढे १८९० च्या दशकात तर नियमच बदलले आणि तिकिटाच्या पैशांचा वाटा मजुराने स्वतः उचलायचा असं ठरलं. बहुसंख्य लोक परतले नाहीत.

जे परतले त्यांचं काय झालं हे वाचलं तेव्हा दोन दिवस मन लागत नव्हतं. काळं पाणी ओलांडलेलं, तिकडे जातपात सोडून लग्नं केलेली, बायको-मुलांना गावची भाषा धड येत नाही. गावाने घेतलं नाही. १९२० च्या सुमारास कलकत्त्याच्या मटियाबुर्ज भागात वेगवेगळ्या वसाहतींतून परतलेली अशी कितीतरी माणसं अडकून पडली होती आणि पुन्हा तिकडेच पाठवा म्हणून सरकारला विनवत होती. म्हणजे वापसीचं तिकीट असून उपयोग नव्हता. वापस जायला तिकीट लागतं तसंच पलीकडे दार उघडणारं कुणीतरी लागतं.

या सगळ्या प्रकाराविरुद्ध दिल्ली-कलकत्त्याच्या दरबारात उभा राहिलेला माणूस मराठी होता हे आपल्या शाळेत कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. गोपाळ कृष्ण गोखले. आपल्याला 'गोखले' म्हटलं की मवाळ, टिळकांचे विरोधक, गांधींचे राजकीय गुरू एवढंच आठवतं. १९१० मध्ये त्यांनी नाताळला जाणारी मजूरभरती थांबवण्याचा ठराव मांडला आणि तो सरकारला मान्य करावा लागला. मार्च १९१२ मध्ये ते एक पाऊल पुढे गेले. कुठल्याच वसाहतीसाठी ही भरती नको, ही पद्धतच मुळापासून बंद करा, असा ठराव त्यांनी इम्पीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये आणला. त्यांचं म्हणणं असं की माणसं फसवून नेली जातात, काम चुकलं तर त्यांना फौजदारी शिक्षा होते, आणि दर शंभर पुरुषांमागे चाळीसच बायका नेण्याच्या नियमाने तिथल्या वस्त्यांचं जगणं नासतं. हिंदी सभासद बाजूने, पण सरकारी बहुमताने ठराव पडला. १९१५ मध्ये गोखले गेले. पुढच्याच वर्षी मदनमोहन मालवीयांनी तसाच ठराव पुन्हा आणला आणि तो सरकारने स्वीकारला. १९१७ मध्ये भरती थांबली आणि १९२० मध्ये उरलेले करार रद्द झाले. ज्या बेटावर आपण कधी पाऊल ठेवलं नाही तिथल्या माणसांसाठी कोतळूकचा हा माणूस पराभव दिसत असताना बोलला. ओव्हलच्या ७७४ इतकाच मला या हरलेल्या ठरावाचा अभिमान वाटला. थोडा जास्तच.

शहराच्या पश्चिमेला सेंट जेम्स नावाची वस्ती आहे. तिथल्या गल्ल्यांची नावं वाचत फिरलो. कलकत्ता स्ट्रीट, बॉम्बे स्ट्रीट, दिल्ली स्ट्रीट, लखनौ स्ट्रीट. नेपॉल स्ट्रीटवर २६ क्रमांकाचं एक दुमजली घर आहे, व्ही. एस. नायपॉल यांच्या वडिलांचं. 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीतलं घर म्हणजे हेच. घर कसलं, जिना चढताना अंग चोरावं लागेल असं. याच वस्तीत मोहरमला ताजिये निघतात, त्यांना 'होसे' म्हणतात. पुढे वाजवतात 'तासा'. वाद्याच्या दुकानात तो तासा हातात घेतला. अहो, आपला ताशा! आकार थोडा वेगळा, पण काडीचा तडतडाट तोच. आपल्याकडच्या मोहरमला जसे हिंदू ताजियापुढे नारळ फोडतात तसंच तिथेही सगळ्या धर्मांची माणसं वाजवायला असतात.

आणि एक शब्द. भाजीच्या बाजारात एक दहा-बारा वर्षांची मुलगी मागून ओरडली, "आजी!" मी चमकून वळलो. ती इंग्रजीशिवाय दुसरी भाषा न येणारी मुलगी आपल्या वडिलांच्या आईला हाक मारत होती. भोजपुरीतही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, आणि दीड-पावणेदोनशे वर्षांत सगळी भाषा विसरली गेली तरी हा शब्द टिकला. त्या आजीबाई म्हणाल्या, त्यांचे आजोबा करोनीच्या दलदलीत भात लावायचे. मला लगेच पवनीकडच्या बांध्या आणि रोवणीच्या बाया आठवल्या. ऊस मालकाचा, पण भात आपला. दलदलीची, ऊस न होणारी जमीन बघून यांना भात सुचला, कारण हातांना तेवढंच ठाऊक होतं. भंडाऱ्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वरठी स्टेशनातून आजही गाडी पकडली की ती थेट हावड्याला जाते. एका चुकीच्या दुष्काळात, एका गोड बोलणाऱ्या दलालाबरोबर...

भावाच्या घरापासून थोड्याच अंतरावर, वॉटर्लू नावाच्या गावी, समुद्रात एक देऊळ आहे. ते बांधलं सिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने. लहानपणी आईवडिलांबरोबर गिरमिटाच्या जहाजातून आलेला. मोठेपणी पैसे साठवून भारतात जाऊन यायचा, तीर्थांना. मग त्याने ठरवलं की देऊळ इथेच बांधू. किनाऱ्यावर, साखर कंपनीच्या जमिनीत त्याने ते बांधलं. कंपनीने पाडायला सांगितलं, त्याने नकार दिला. १९५२ मध्ये चौदा दिवसांचा तुरुंग झाला आणि देऊळ जमीनदोस्त. तेव्हा तो म्हणे एवढंच बोलला की जमीन तुमची, समुद्र तर कुणाचा नाही ना! सायकलवरून दगड, सिमेंट वाहून, ओहोटीच्या वेळी एकट्याने भर टाकत त्याने पाण्यात पाचशे फूट आत देऊळ उभं केलं. त्याला वर्षानुवर्षं लागली. १९९५ मध्ये सरकारनेच ते नीट बांधून दिलं. त्याच वर्षी बासदेव पांडे हे त्या देशाचे पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झाले. आणि ज्या साखरेसाठी हे सगळं झालं ती सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद पडली. देऊळ आहे. मला हा माणूस फार आवडला. 'गाव कुठलं?' या प्रश्नाचं उत्तर त्याने भर टाकून तयार केलं.

आणि आता शेवटचा माणूस, ज्याच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो.

सुभाष गुप्ते. मुंबईचा लेगस्पिनर. तरुण वाचकांनी नाव ऐकलं नसेल, पण सोबर्ससारखा माणूस त्याला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर म्हणायचा. टोपणनाव 'फर्गी'. तेही विल्फ फर्ग्युसन या त्रिनिदादच्याच लेगस्पिनरवरून पडलेलं. जानेवारी १९५३ मध्ये विजय हजाऱ्यांचा संघ पहिल्यांदा वेस्ट इंडिजला गेला आणि ओव्हलवरच्या पहिल्याच डावात गुप्तेने सात बळी घेतले. मालिकेत सत्तावीस. समोर वीक्स, वॉरेल, वॉलकॉट. आणि त्यांच्या संघात होता सनी रामाधीन, गिरमिटियांचा वंशज, वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळलेला पहिला भारतीय वंशाचा माणूस. त्याच दौऱ्यात गुप्तेची एका त्रिनिदादच्या मुलीशी ओळख झाली आणि पुढे लग्न.

१९५८ मध्ये कानपूरला याच वेस्ट इंडिजचे एका डावात नऊ बळी. मग १९६१ ची दिल्ली कसोटी. हॉटेलातल्या त्याच्या खोलीतून स्वागतकक्षातल्या मुलीला फोन गेला. फोन खोलीतल्या सहकाऱ्याने केला होता. पण शिक्षा दोघांना. पुढच्याच, १९६२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातून गुप्तेचं नाव गळलं. छत्तीस कसोटी, १४९ बळी, वय बत्तीस. तो पुन्हा भारताकडून खेळला नाही. तो त्रिनिदादला गेला आणि तिथलाच झाला. ३१ मे २००२ ला पोर्ट ऑफ स्पेनमध्येच वारला. त्याच्या पाच-सहा आठवडे आधी त्याच्याच गावातल्या मैदानावर भारताने कसोटी जिंकली होती. ३० मे हा त्या देशात 'इंडियन अरायव्हल डे', फातेल रझाक आलेला दिवस, त्याची सुट्टी असते. गुप्ते गेला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

आमच्या घरच्या गोष्टीत गावसकर, सरदेसाई, वाडेकर होते. मुंबईच्या विमानतळावर त्यांच्या स्वागताला उसळलेली गर्दी होती. गुप्ते नव्हता. वापस आलेल्यांची गोष्ट आपण सांगतो, राहिलेल्यांची गोष्ट तिकडची होते. असं का व्हावं?

याला एक छोटा अपवाद सापडतो. गावसकरने आपल्या मुलाचं नाव 'रोहन' ठेवलं ते वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हायवरून. १९७१ च्या मालिकेत समोरून खेळलेला कन्हाय हा शेजारच्या गयानाचा, ऊसमळ्याच्या वस्तीत वाढलेला. कुणीतरी गिरमिटिया भारतातून निघाला, त्याच्या वंशात शंभरेक वर्षांनी एक मुलगा झाला आणि त्याचं नाव एका मुंबईकराच्या घरात वापस आलं. माणसं नाही आली तरी असं काहीतरी येत असावं.

जुलै २०२५ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन जाहीर केलं की आता भारतीय वंशाच्या सहाव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळेल. त्यावर तिथे लोकांना विचारलं. बाजारातल्या त्या आजीबाई म्हणाल्या, छान आहे, काशी बघून येईन म्हणते. 'बघून येईन' म्हणाल्या. त्यांचं वापसीचं तिकीट आता मुंबई ते पोर्ट ऑफ स्पेन असं असेल. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं की बरं, हे कळेना. पण त्यांच्या बोलण्यात दुःख नव्हतंच. त्या घरी होत्या.

निघायच्या आदल्या रात्री भावाने विषय काढला. त्यांनी तिथे घर बघितलंय. मुलीची शाळा, वहिनीची नोकरी, सगळं लागलंय. "आईला तू सांग," म्हणाला. आई इतकी वर्षं दर रविवारी फोनवर एकच विचारते, "मंग वापस कधी येऊन राहिला?" आणि तो दर रविवारी "बघू, पुढच्या वर्षी" म्हणतो. मी काही त्याला उपदेश केला नाही. तीन आठवडे या बेटावर फिरल्यावर एवढं कळलं होतं की वापस येणं हे नुसतं मनावर घेण्याचं काम नाही. दहा एकर असतात, मुलं असतात, आणि हळूहळू दिवस साचत जातात. कुणी एका सकाळी उठून 'मी आता राहतो' असं ठरवत नाही. गुप्तेनेही ठरवलं नसेल. आणि गिरमिटियांपेक्षा आपलं नशीब एका बाबतीत फार मोठं आहे: आपल्या गावाने दार लावलेलं नाही.

आईला सगळं सांगितलं. घराचं सांगायच्या आधी साधूच्या देवळाचं सांगितलं, भातशेतीचं सांगितलं, आजी म्हणणाऱ्या पोरीचं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तिकडं धान होते म्हणते ना? मंग बघून येतो एकदा." (आमच्याकडे बायाही 'येतो'च म्हणतात, पुणेकरांनी हसू नये.) नागपूरला जाऊन तिच्या पासपोर्टचा अर्ज भरून आलो. दिवाळीनंतर, धान घरात आलं की निघायचं म्हणते. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिलं विमान. तिकीट जायचं-यायचं, दोन्हीकडचं काढलंय. भाचीपुतण्यांपैकी कुणाला लंडनला गाडी बदलताना तिच्यासोबत थांबता येत असेल तर कळवा.